जड सुरी, गिरकीविना: नो-स्पिन फेकीचे पहिले काही आठवडे

पहिल्या दिवशी मी फेकलेली सुरी लाकडावर आडवी आपटली, ठण्ण वाजली आणि उलट माझ्याकडेच येऊन बुटापासून वीतभर अंतरावर पडली. साडेतीनशे ग्रॅम लोखंड होतं ते. ज्याच्या परसात हा उद्योग चालला होता तो ऑफिसातला सहकारी शांतपणे म्हणाला, "म्हणून तुला जाड बूट घालून ये म्हटलं होतं." हे घडलं टेक्सासात. तिथं परसात लाकडी चकती टांगून सुऱ्या आणि कुऱ्हाडी फेकणं ही रविवार दुपारची करमणूक आहे. आता मी पुण्यात असतो आणि सासवडच्या बाजूला मेहुण्यांच्या शेतावर बांधाला पाठ करून चकती उभी केली आहे. "मलाही शिकव" म्हणणाऱ्यांना तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

आधी नावाबद्दल. साध्या फेकीत सुरी हवेत गिरक्या घेत जाते: अर्धी, एक, दीड. त्यामुळे फेकणारा अंतराशी बांधलेला असतो. साधारण दोन मीटरवर अर्धी गिरकी, तीन ते चार मीटरच्या मध्ये कुठेतरी एक पूर्ण, असं ज्याच्या त्याच्या हाताचं गणित ठरतं आणि पाऊलभर चुकलं की सुरी मुठीकडून आपटते. नो-स्पिन फेकीत सुरी हातातून सुटते तेव्हा तिचं टोक आभाळाकडे असतं आणि लाकडापर्यंत जाताना ती जेमतेम पाव वळण घेऊन टोक पुढे करते. म्हणजे अजिबात न वळणारी सुरी असं काही नसतं. नाव थोडं फसवं आहे. खरी करामत ते पाव वळण हवं तितकं सावकाश घडवून आणण्यात आहे.

ही कल्पना अमेरिकेची नाही. जपानात बो-शुरिकेन, म्हणजे लोखंडी सळीसारखी फेकायची शस्त्रं, गिरकी न देता फेकायची पद्धत जुनी आहे. तिला 'जिकिदाहो' म्हणतात आणि गिरकी देऊन फेकण्याला 'हांतेनदाहो'. एकोणिसाव्या शतकातल्या नेगिशी-ऱ्यू या परंपरेत शुरिकेन पुढच्या बाजूला जाड आणि जड घडवतात. आपल्याकडच्या मराठ्यांच्या विट्याची आठवण इथं होते. फेकून दोरीने परत ओढायचा भाला तो. पण त्याची लांबीच एवढी की गिरकीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. आणि आपल्या सुरीचा मुद्दाही हाच आहे: लांबी आणि वजन.

जडच का

दुकानात किंवा ऑनलाइन नवशिक्यांसाठी म्हणून जे तीन सुऱ्यांचे सेट मिळतात ते बहुतेक वीस सेंटिमीटरच्या आसपासचे आणि हलके असतात. दिसायला सुबक, किंमत कमी. ते घेऊ नका. निदान नो-स्पिनसाठी तरी नको.

कारण शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. एखादी पट्टी वळवायला किती अवघड जाईल हे तिच्या वजनावर आणि लांबीच्या वर्गावर ठरतं. २० सेंटिमीटर लांब, २०० ग्रॅमची सुरी आणि ३० सेंटिमीटर लांब, ३५० ग्रॅमची सुरी शेजारी ठेवा. दुसरीचं वजन पावणेदोन पटच आहे, पण तिला वळवायला जवळजवळ चौपट जोर लागतो. सुटताना तुमच्या बोटाने केलेली बारीकशी चूक हलक्या सुरीला गरकन फिरवते, जड सुरी ती चूक अर्धीमुर्धी गिळून टाकते. शिवाय टोक थोडं तिरकं लागलं तरी वजनामुळे ती लाकडात घुसून राहते.

आता हिशोबाची दुसरी बाजू. सुरी सेकंदाला १० मीटर वेगाने जाते असं धरलं, तर ३ मीटरचं अंतर कापायला ०.३ सेकंद लागतो. एवढ्या वेळात पाव वळण पूर्ण व्हायला हवं. त्याच वेळात गुरुत्वाकर्षण तिला ४४ सेंटिमीटर खाली खेचतं, म्हणून नेम निशाणाच्या थोडा वर धरावा लागतो. नवशिका हे पाहून काय करतो? जोर वाढवतो. जोर वाढला की मनगट फटकारतं, मनगट फटकारलं की सुरी गिरकी घेते. जड सुरीचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो इथे. तिला फटका मारायला गेलं की खांदाच नको म्हणतो. मग नाइलाजाने माणूस सावकाश, पूर्ण हात लांबवून फेकायला शिकतो.

पण फार जडही नको. अर्धा किलोच्या वर गेलात तर वीस फेकींत कोपर बोलायला लागेल. ३०० ते ४०० ग्रॅम आणि २८ ते ३२ सेंटिमीटर, या मापात राहा.

सुरी कुठून आणायची

बाहेरच्या देशांत तयार सुऱ्या मिळतात. आपल्याकडे चांगला लोहार ओळखीचा असेल तर त्याच्याइतकं बरं काही नाही. मी गाडीच्या जुन्या पाट्यापासून, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून बनवून घेतली. ३० सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड अशी पट्टी भरते साधारण ३५० ग्रॅम. टोक काढताना त्यातले वीस-तीस ग्रॅम जातात.

लोहाराला तीन गोष्टी नीट सांगा, कारण तो सवयीने कोयत्यासारखं काम करायला जाईल. एक, धार नको. दोन्ही कडा कानशीने घासून गोल करा. फेकसुरी फक्त टोकाने काम करते, धार असली तर ती आपलंच बोट कापते. दोन, टोक सुईसारखं नको, तासलेल्या पण थोड्या वापरलेल्या पेन्सिलसारखं हवं. सुईसारखं टोक चौथ्या फेकीला वाकतं. तीन, कडक पाणी देऊ नका, म्हणजे तापवून एकदम थंड करून लोखंड फार कडक करू नका. कोयत्याला देतात तसं पाणी दिलं तर सुरी काचेसारखी तडकते. कारखान्यात बनलेल्या फेकसुऱ्या रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ४५ ते ५२ च्या दरम्यान ठेवतात आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या त्याहून बऱ्याच कडक असतात. म्हणूनच घरातली भाजीची सुरी फेकून बघायचा मोह टाळा. ती तुटते आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

तोल पाहायला सुरी बोटावर आडवी ठेवा. ती बरोबर मध्यावर किंवा मध्यापासून बोटभर टोकाकडे तोलली पाहिजे. मुठीकडे जड असलेली सुरी नो-स्पिनला त्रास देते.

मुठीच्या भागाला आडव्या पट्ट्या, भोकं, नक्षी काहीही नको. बोट त्यावरून शेवटपर्यंत सरकणार आहे. उघडं चकचकीत लोखंड घामाने निसटतं, कोकणात तर जास्तच. त्यावर कापडी चिकटपट्टीचा एकच थर गुंडाळा. घासण थोडी हवी, चिकटपणा नको.

कायद्याचं आधी, मग फेकाफेक

हा भाग कंटाळवाणा आहे पण सोडू नका. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या २०१६ च्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत, पण फेकसुरी यातल्या कशातच बसत नाही. त्याच यादीत खंजिराचा वेगळा उल्लेख आहे. म्हणून पात्याचा भाग ९ इंचांच्या बराच आत ठेवा आणि दुधारी आकार तर मुळीच करू नका. ३० सेंटिमीटरच्या पट्टीत पुढचा टोकाचा भाग पंधरा-सोळा सेंटिमीटर पुरतो, बाकी सगळी मूठ.

एवढ्यावर भागत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सणासुदीला, निवडणुकीत किंवा तणावाच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि त्या काळात काठीसुद्धा घेऊन फिरणं अंगाशी येऊ शकतं. 'कलम ४, २५ सह ३७(१), १३५' ही आकड्यांची ओळ पेपरात रोज वाचतोच आपण. पुण्यात कोयत्यांच्या बातम्या जितक्या येतात त्या पाहता नाकाबंदीवरच्या हवालदाराला 'अहो, हा खेळ आहे' हे पटवून द्यायची वेळ येऊ नये हेच बरं. सुरी शेतावरच पेटीत कुलूप लावून ठेवा, रोज ने-आण करू नका. आणि इन्स्टाग्रामवर हातात सुरी घेतलेलं रील टाकायची हौस येते, ती आवरा. नुसत्या अशा व्हिडिओंवरून गुन्हे दाखल झाले आहेत.

परदेशात राहणाऱ्यांनी तिथला नियम स्वतः पाहावा, कारण देशागणिक फरक मोठा आहे. ब्रिटन आणि जर्मनीत फेकायच्या चांदण्या, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची चपटी लोखंडी शस्त्रं, घरात बाळगायलाही बंदी आहे. सुरी आणि चांदणी यांत तुम्हाला फरक वाटतो तो तिथल्या कायद्याला कुठे आणि किती वाटतो, हे विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

निशाण

लाकडाच्या वखारीत जा आणि ओंडक्याची आडवी कापलेली चकती मागा. ४५ ते ५० सेंटिमीटर व्यास, १२ ते १५ सेंटिमीटर जाडी. फळी नको. फळीत लाकडाचे तंतू आडवे असतात, सुरी त्यांना तोडू पाहते आणि परत उडते. चकतीत तंतू तुमच्याकडे तोंड करून उभे असतात, सुरी त्यांच्यामधून वाट काढून आत शिरते. काढली की तंतू पुन्हा जवळ येतात, त्यामुळे चकती महिनोन्‌महिने टिकते.

लाकूड मऊ हवं. पांगारा, सावर, उंबर, आंबा चालेल. वखारवाला 'साग घ्या, टिकाऊ आहे' म्हणेल. सागाला नाही म्हणा. बाभळीला तर हातही लावू नका, सुरीचं टोक बोथट होईल आणि परत येणाऱ्या सुऱ्या मोजत बसाल. चकती वाळली की मधून कडेपर्यंत तडा जातो. म्हणून खेळायच्या आदल्या रात्री तिच्यावर पाणी मारा आणि एरवी ओलं गोणपाट टाकून सावलीत ठेवा.

५० सेंटिमीटर व्यासाची ओली चकती वीस किलोच्या पुढे जाते. ती भिंतीला टेकवून ठेवू नका. तीन पायांचा लाकडी घोडा करून त्यावर घट्ट बसवा, मध्य तुमच्या छातीच्या उंचीला येऊ द्या. खाली फरशी किंवा सिमेंट नको, माती किंवा वाळू हवी. मागे बांध, मातीचा ढीग किंवा उभं केलेलं जाड रबर हवं. नुसतं कुंपण असेल तर त्यापलीकडून कुणीच जाणार नाही याची खात्री पाहिजे, आणि शेतात तशी खात्री कधीच नसते. गुरं येतात, पोरं येतात.

जिवंत झाडावर सुरी फेकू नका. सालीला झालेली जखम कीड आणि बुरशी यांना आत घेते आणि ते झाड पुढची कित्येक वर्षं तुमच्या पंधरा मिनिटांची किंमत मोजत राहतं.

बघणारे सगळे फेकणाऱ्याच्या मागे, किमान तीन-चार मीटर. बाजूला कुणी नाही. हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक चष्मा डोळ्यांवर, पायात बंद बूट. चपला घालून आलेल्याला मी फेकू देत नाही, मग तो मेहुणा का असेना. आणि सुऱ्या काढायला कुणी पुढे गेलेलं असताना दुसऱ्याच्या हातात सुरी नसावी, जमिनीवर असावी.

सुरीआधी बांबू

पहिले दोन दिवस सुरी पेटीतच राहू द्या. अंगणातल्या दोरीवर जाड गोधडी वाळत घाला. बांबूची हातभर नाही, सुरीएवढी एक कांब घ्या, एका टोकाला लाल रंग लावा आणि दोन मीटरवरून गोधडीवर फेका. लाल टोक आधी लागलं का एवढंच पाहायचं. नेम विसरा. बांबू हलका असल्यामुळे तो सुरीपेक्षा जास्त नाठाळ वागतो. तो दहातून सहा वेळा लाल टोकाने लागायला लागला की जड सुरी हातात आल्यावर सोपी वाटते. आमच्या आईने 'गोधडीला कशाला मारतोयस रे' म्हणून हाक मारली होती, त्याचं उत्तर अजून देता आलेलं नाही.

पकड

सुरी उभी धरा, टोक वर. पाठीचा भाग, म्हणजे तुमच्याकडे तोंड केलेली कड, तिच्यावर तर्जनी सरळ लांबवून ठेवा. अंगठा एका अंगाला, मधलं बोट दुसऱ्या अंगाला. अनामिका आणि करंगळी नुसती टेकलेली. घट्ट मूठ वळू नका. पकड कितपत सैल? कोणी हळूच ओढली तर सुरी निघून यावी, आणि हात हलवला तर पडू नये.

सगळी विद्या त्या तर्जनीत आहे. हात वरून पुढे येतो तेव्हा सुरीही हाताबरोबर टोक पुढे करत वळत असते. हे वळणं तसंच चालू राहिलं तर पुढे गिरकी होते. सुरी हातातून पुढे सरकताना तर्जनीचं टोक तिच्या पाठीवरून घासत मागच्या टोकापर्यंत जातं आणि जाता जाता शेपटीला खाली दाबतं. शेपूट दाबली की टोक वर राहू पाहतं. वळण्याची घाई आणि बोटाचा दाब एकमेकांना जवळजवळ मारतात, उरतं ते सावकाश पाव वळण. बोट आधीच उचललंत तर गिरकी. जास्त वेळ रेटलंत तर टोक वरच राहतं आणि सुरी सपाट आपटते.

फेक

उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे. दोन मीटरवर उभे राहा, पावलाच्या टोकापासून चकतीपर्यंत मोजून. हो, एवढ्या जवळून. पाच मीटरवरून सुरुवात करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, कारण सुरी कुठे चुकली हे दिसायच्या आत ती दोनदा फिरलेली असते.

हात वर न्या, कोपर कानाच्या उंचीला, सुरी डोक्यापासून वीतभर लांब. डोक्यामागे नेऊ नका, जड सुरी कानावर लागते. हे मी अनुभवाने लिहीत नाही, पण अगदी थोडक्यात हुकलं होतं. वजन मागच्या पायावर. आता वजन पुढच्या पायावर आणा आणि त्याबरोबर हात पुढे. फेकायचा विचार मनात आणू नका. उंच फडताळावरच्या डब्यावरची धूळ तळहाताने पुढे झाडून हात खाली आणायचा आहे, असं समजा. मनगट कुलूप लावल्यासारखं स्थिर. ते शेवटी फटकारलं की सगळं मुसळ केरात.

सुरी सुटते ती हात डोळ्यांसमोर येण्याच्या जरा आधी, टोक अजून वर असताना. माणसाचा अंदाज नेहमी उशिराचा असतो. 'आता सोडू' असं वाटतं तेव्हा ती सुटून गेलेली असायला हवी होती. सुटल्यावर हात तसाच खाली मांडीपर्यंत येऊ द्या, मध्येच थांबवू नका. हात थांबला की बोट झटका देतं.

पाच फेकी. मग जाऊन सुरी काढा, पाहा, परत या. एकाच सुरीने शिका. एकापाठोपाठ पाच सुऱ्या फेकण्यात मजा आहे, पण मग प्रत्येक सुरीला काय झालं याची आठवण राहत नाही. वर सुरीवर सुरी आपटून कडा खराब होतात.

सुरी काय सांगते

लाकडात रुतलेली सुरी वाचायला शिकलात की गुरू नसला तरी चालतं.

शेपूट खाली, टोक वर: सुरी पुरेशी वळली नाही. अर्धं पाऊल मागे या. तरी तसंच होत असेल तर तर्जनी जास्त रेटते आहे.

शेपूट वर, टोक खाली: जास्त वळली. अर्धं पाऊल पुढे. वारंवार होत असेल तर मनगट चोरून हलतंय. मोबाइलवर बाजूने स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि पाहा. आपलं मनगट हलत नाही अशी प्रत्येकाची ठाम समजूत असते. (हे चित्रण स्वतःपुरतंच, वर काय म्हटलंय ते आठवा.)

इथं जड सुरीची एक खोड सांगितली पाहिजे. ती बरोबर सरळ शिरली तरी स्वतःच्या वजनाने हळूहळू शेपूट खाली टाकते, विशेषतः चकती फार ओली असेल तर. मी आठवडाभर या लटकलेल्या शेपटीवरून अंतर बदलत बसलो आणि जास्तच बिघडत गेलं. म्हणून शेपूट पाहू नका, सुरी काढून भोक पाहा. काडी घालून बघा, ती ज्या कोनात उभी राहील तो खरा कोन.

सुरी डावी-उजवीकडे तिरपी लागत असेल तर हात अंगावरून आडवा येतोय. खांदा, कोपर, चकती एका रेषेत आणा. आणि सपाट आपटून ठण्ण वाजली तर घाबरू नका, जोरही वाढवू नका. उलट जोर कमी करा. दहापैकी आठ वेळा तेच औषध असतं.

मागे सरकणं

दोन मीटरवर पाचपैकी चार रुतायला लागल्या की अडीचवर जा. मग तीन. नो-स्पिनचं सुख इथे सुरू होतं, कारण गिरकीच्या फेकीसारखं 'या खुणेवरून नाहीतर नाहीच' असं इथे नसतं. मधलं कुठलंही अंतर चालतं. मागे जाल तसं सुरीला जास्त सावकाश वळावं लागतं, म्हणजे बोटाचा दाब थोडा वाढतो किंवा सुरी किंचित आधी सुटते, आणि नेम थोडा वर सरकतो. हे हिशेबाने करता येत नाही. हात शिकतो, डोक्याला नंतर कळतं. तीन मीटरपर्यंत मला दोन आठवडे लागले. तीन ते चार मात्र दोन महिने. चारच्या पुढे काय अडतं तर पाय: अंग पुढे जात नाही आणि हात एकटाच राबतो. तिथं पुन्हा गोधडी आणि बांबू.

दिवसाला चाळीस-पन्नास फेकी पुष्कळ झाल्या. सुरुवातीला खांदे फिरवून अंग मोकळं करा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं तर चार दिवस विश्रांती. दुखण्यावर फेकत राहिलात तर चहाचा कप उचलताना रडू येईल. जड सुरी गिरकी माफ करते, कोपर माफ करत नाही.

झाल्यावर

दर वेळी घरी परतायच्या आधी सुरीच्या कडांवरून बोट नव्हे, फडकं फिरवा. धागा अडकला तिथं लोखंडाची कुसळं उठलेली असतात. ती कानशीने काढा. फेकताना बोटं कापतात ती याच कुसळांनी, टोकाने क्वचितच. टोक बोथट झालं असेल तर हातानेच, कानशीने सावकाश घासून आणा. ग्राइंडरवर धराल तर तापून लोहाराने दिलेलं पाणी उतरतं. चिकटपट्टी घामाने मऊ पडली की बदला, दोन-तीन आठवड्यांत पडतेच.

पावसाळ्यात चकती इतकी भिजते की सुरी लोण्यात गेल्यासारखी जाते आणि तुम्हाला वाटतं आपण फार सुधारलो. ऑक्टोबरात ऊन पडून लाकूड वाळलं की त्याच सुऱ्या परत उडायला लागतात. चार महिने सुरी ठेवून द्यायची असेल तर खोबरेल तेलाचा हात फिरवून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा. पुन्हा सुरू कराल तेव्हा आधी चकतीवर पाणी, मग दोन मीटरची खूण. कितीही जमत असलं तरी पहिल्या दहा फेकी तिथूनच.